महागड्या गाडीची पुढची काच बदलायची असेल तर: काच, कॅमेरा आणि कॅलिब्रेशनचा हिशोब

फोन बहुतेक सकाळीच येतो. आदल्या रात्री पुण्याहून नाहीतर नागपूरहून येताना पुढच्या हायवा डंपरमधून खडी उडालेली असते, काचेवर टवका पडलेला असतो, आणि सकाळी गाडी उन्हात काढेपर्यंत त्या टवक्यातून वीतभर क्रॅक गेलेली असते. पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, काच केवढ्याला बसंल?"

मी लगेच आकडा सांगत नाही. आधी विचारतो, "आरशामागं काळ्या डबीत कॅमेरा आहे का? लेनवरून गाडी सरकली की स्टीअरिंग थरथरतं का?" 'हो' म्हणाले, की मग हे काम नुसत्या काचेचं राहत नाही. काच बसवल्यावर त्या कॅमेऱ्याला नव्यानं समोरचं बघायला शिकवावं लागतं. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. एस्टिमेटमध्ये त्याची वेगळी ओळ आहे का, ते काम कोण करणार, आणि झाल्याचा कागद मिळणार का, हे विचारल्याशिवाय गाडी कुणाच्याही हवाली करू नका. माझ्याही नाही.

आमचं दुकान छत्रपती संभाजीनगरात, मोंढा नाक्याच्या बाजूला. वडील ट्रकच्या काचा बसवायचे. तेव्हा काच रबरी बीडिंगमध्ये असायची. बीडिंगच्या खाचेत सुतळी फिरवायची, एकानं बाहेरून काच दाबून धरायची, आणि दुसऱ्यानं आतून सुतळी ओढत न्यायची. तसतशी रबराची कड पत्र्यावर चढत जायची. लहानपणी सुतळी ओढायचं काम माझ्याकडं. २०१० मध्ये आमच्या शहरातल्या लोकांनी मिळून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या, आणि देशभर त्याची चर्चा झाली. शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाबरोबर ऑडीच्या गाड्याही जुळायच्या. त्यामुळं महागड्या गाड्या आम्हाला नवीन नाहीत. पण तेव्हा माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत काचेमागं फार तर पावसाचा सेन्सर असायचा. कॅमेरा नंतर आला, आणि त्याच्याबरोबर मला माझा धंदा पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला.

तो शिकण्याचं कारण एक चूक आहे, माझीच. २०२१ ची गोष्ट. बीडच्या एका डॉक्टर मॅडमची जर्मन एसयूव्ही होती. काच मी बसवली, स्वच्छ बसली, डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही. मी गाडी देऊन टाकली. तिसऱ्या दिवशी फोन. "दादा, गेवराईच्या पुढं गाडी सारखी डावीकडं ओढत होती. मी सरळ धरतेय आणि स्टीअरिंग माझ्याशी भांडतंय." मी बीडला गेलो, मेनूत जाऊन लेनची मदत (गाडीला पट्ट्यांच्या मध्ये धरून ठेवणारी सोय) बंद केली, गाडी पुण्याला कॅलिब्रेशनला पाठवली आणि तो खर्च माझ्या खिशातून दिला. मॅडमनी एक शब्द वाईट बोलला नाही. पण रात्रीची वेळ असती, शेजारून ट्रक जात असता, तर काय झालं असतं, हे अजून मनातून जात नाही. दिवा लागला नाही म्हणजे कॅमेरा बरोबर आहे, असं समजू नका. काही गाड्या काच बदलल्यावर लगेच तक्रार करतात, काही गप्प राहतात.

एक अंश म्हणजे किती

कॅमेऱ्याचा कंस, म्हणजे ब्रॅकेट, काचेलाच चिकटवलेला असतो. नवी काच दोन-चार मिलिमीटर वरखाली बसली, कंस किंचित तिरपा लागला, किंवा काचेची वक्रता कणभर वेगळी असली, तरी कॅमेऱ्याची नजर फिरते. ती एक अंशानं फिरली, तर ५० मीटरवर ८७ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा. आपल्या हायवेची एक लेन साडेतीन मीटरची असते. म्हणजे १०० मीटरवर कॅमेरा अर्धी लेन चुकलेला असतो. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे; त्या वेगाला १०० मीटर तीन सेकंदांत संपतात.

आमच्याकडं दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो. अंधारात, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेले असतात. कॅमेऱ्याच्या भरवशावर आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा अशा वेळी उपयोगी पडावी म्हणून तर आपण तिचे पैसे मोजलेले असतात. तो कॅमेरा शेजारच्या लेनकडं बघत बसला, तर असून काय फायदा? म्हणून मी कॅलिब्रेशनवर घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाला शांतपणे सांगतो, "काचेत पाच हजार कमी करू, यात नको."

टवका पडला त्या क्षणी

सगळ्यात स्वस्त काच म्हणजे न बदललेली काच. पुढची काच लॅमिनेटेड असते: दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी नावाचा पारदर्शक पडदा. खडा लागल्यावर बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच फुटते. त्या खड्ड्यात धूळ-पाणी शिरायच्या आत रेझिन भरलं, तर काच वाचते.

गाडी सुरक्षित जागी थांबवा, टवक्यावर स्वच्छ पारदर्शक चिकटपट्टी लावा. बस, एवढंच. त्यावर फेव्हिक्विक घालू नका. ते आत गेलं की खरं रेझिन आत शिरत नाही. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४३-४४ वर जातो. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली मारली, किंवा गाडीत बसल्याबसल्या एसीचा झोत काचेवर सोडला, की टवक्याची क्रॅक होते. आधी चारही काचा खाली करा, गाडी दोन मिनिटं मोकळी होऊ द्या, मग एसी पायाकडं सोडा.

रिपेअर कुठं चालतं, कुठं नाही? टवका नाण्याएवढा किंवा त्याहून लहान असेल, काचेच्या कडेपासून चार बोटं तरी आत असेल, तर बहुधा जमतं. चालकाच्या अगदी नजरेसमोर असेल तर मी टाळतो, कारण भरल्यावरही तिथं बारीक डाग राहतो आणि समोरून येणाऱ्या लाइटमध्ये तो चमकतो. कॅमेऱ्याच्या समोर असेल तर हातच लावत नाही. आपल्याला जो डाग दिसतही नाही, तो कॅमेऱ्याला दिसतो. माझ्याकडं अशा गाड्यांच्या रिपेअरचे दीड ते तीन हजार होतात. लाखाच्या काचेपुढं हे काहीच नाही, तरी दहातले सहा लोक 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून निघून जातात आणि पुढच्या आठवड्यात क्रॅक घेऊन येतात.

कोणती काच, हे आधी नक्की करा

एकाच मॉडेलला चार-पाच प्रकारच्या काचा असतात. नुसतं मॉडेलचं नाव सांगून भाव विचारला, तर मिळालेला भाव उपयोगाचा नसतो. आरसीवरचा चासी नंबर द्या. त्यावरून नेमका पार्ट नंबर निघतो.

तुमच्या काचेत काय काय आहे ते स्वतः बघा. स्पीड समोर काचेवर उमटत असेल, तर ती हेड-अप डिस्प्लेची काच. तिच्यातला पडदा वरून खाली पाचरीसारखा जाड-पातळ असतो, म्हणून आकडा एकच दिसतो. साधी काच बसवली की रात्री तोच आकडा दोनदा दिसतो, एकावर एक. बाहेरचा आवाज कमी यावा म्हणून पडद्याचा वेगळा थर असेल तर ती अकॉस्टिक काच; ती बदलून साधी घातली, तर ८० च्या पुढं वाऱ्याची शीळ येते आणि माणूस दाराचं रबर बदलत बसतो. ऊन अडवणारा धातूचा थर, कॅमेऱ्यासमोरचं दव घालवणाऱ्या बारीक तारा, पावसाचा सेन्सर, अँटेना, हे सगळं धरून किंमत ठरते.

जुन्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात छापलेलं असतं ते मोबाईलमध्ये टिपून ठेवा. भारतात बनलेल्या काचेवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस २५५३ असतं. आयात काचेवर गोलात 'ई' आणि शेजारी आकडा असतो. तो आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा, १ म्हणजे जर्मनी. नवी काच आली की बॉक्स फोडायच्या आधी मला बोलवा, असं सांगा आणि दोन्ही फोटो जुळवून बघा.

कंपनीच्या लोगोचीच काच हवी का, हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत सांगतो. कॅमेरा नसलेल्या गाडीला चांगल्या कंपनीची बाजारातली काच खुशाल घाला. सेंट-गोबेन सेक्युरिट किंवा एआयएससारखे लोक गाड्यांच्या कंपन्यांनाही काचा देतात. कॅमेरा असलेल्या महागड्या गाडीला मात्र कंपनीच्या पार्ट नंबरचीच घ्या. माझ्या हातून एकदा असं झालंय की बाजारातली काच बसली, दिसायला अगदी तशीच, पण कंस थोडा वेगळा होता. कॅलिब्रेशन तीनदा अपुरं राहिलं. शेवटी ती काच काढून फेकली आणि दुसरी घातली. वाचलेले वीस हजार आणि वर काचेचे पूर्ण पैसे, दोन्ही गेले.

भावाचा अंदाज हवाच असेल, तर माझ्या वहीतून सांगतो: साध्या हॅचबॅकची काच पाच ते नऊ हजारांत होते. लक्झरीतल्या सुरुवातीच्या सेडानची ५० हजार ते लाखाच्या घरात आलीय, हेड-अप डिस्प्लेच्या मोठ्या एसयूव्हीची एक ते दोन लाखांत, आणि सगळ्यात वरच्या गाड्यांची त्याच्याही पुढं. यात कॅलिब्रेशन नाही. त्याचे माझ्या बघण्यात पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत लागलेत. शिवाय काच स्टॉकला नसते. आठ दिवस, कधी तीन आठवडे. तेवढे दिवस क्रॅक घेऊन गाडी चालवायची की नाही, हेही आधी विचारून घ्या.

एका एस्टिमेटची चिरफाड

जालन्याच्या एका स्टीलच्या व्यापाऱ्यांची एसयूव्ही आली होती. त्यांचं एस्टिमेट असं होतं: काच ८६,४००. मोल्डिंग (काचेच्या कडेची पट्टी) आणि क्लिपा ७,९००. पीयू चिकटा (काच पत्र्याला धरून ठेवणारं पॉलियुरेथेन), प्रायमर, क्लीनर मिळून ४,२००. पावसाच्या सेन्सरचा जेल पॅड १,१५०. काढण्या-बसवण्याची मजुरी ९,५००. कॅलिब्रेशन १४,०००. बेरीज १,२३,१५०. त्यावर १८ टक्के जीएसटी २२,१६७. एकूण १,४५,३१७ रुपये.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना हेच काम लाखाच्या थोडं वर सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही चाळीस हजार जास्ती लावताय." मी तो कागद मागवला. त्यात कॅलिब्रेशन नव्हतं, मोल्डिंग जुनंच वापरणार होते, जेल पॅड नव्हता, आणि जीएसटी धरलेला नव्हता. जुनं मोल्डिंग आमच्या उन्हात ताठरलेलं असतं; काढताना त्याची लाट होते आणि पुन्हा कधी सपाट बसत नाही. जेल पॅड जुना लावला तर त्यात हवेचे बुडबुडे राहतात आणि कोरड्या रस्त्यावर वायपर आपोआप फिरायला लागतात. दोन एस्टिमेट जुळवताना शेवटचा आकडा झाकून ठेवा, ओळी जुळवा.

विमा घ्यायचा की खिशातून द्यायचे

इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा बसून हिशोब करू.

आपल्याकडच्या मोटार विम्यात काचेच्या भागांवर घसारा लागत नाही. रबर, प्लास्टिक, नायलॉनवर ५० टक्के लागतो. चिकटा, जेल पॅड या गोष्टी कन्झ्युमेबल्समध्ये जातात. त्यांचं वेगळं कव्हर नसेल तर त्या कापल्या जातात. सक्तीची कपात १,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये, त्यावरच्या कारला २,०००. आता वरच्या बिलात झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापणारं कव्हर) नाही आणि कन्झ्युमेबल्सही नाही, असं धरा. मोल्डिंगचे निम्मे ३,९५०, चिकटा आणि जेल पॅडचे ५,३५०, मिळून ९,३००. त्यावरचा जीएसटी १,६७४. आणि कपातीचे २,०००. खिशातून १२,९७४. बाकी १,३२,३४३ विमा कंपनी देते, पण त्यात कॅलिब्रेशनचे १४ हजार मंजूर झाले पाहिजेत.

ते मंजूर व्हावेत म्हणून सर्व्हेअर येईल तेव्हाच एस्टिमेटमध्ये ती ओळ दाखवा, आणि गाडीच्या कंपनीच्या दुरुस्ती-सूचनेत काच बदलल्यावर कॅलिब्रेशन करायला सांगितलंय, ते पान वर्कशॉपकडून जोडून घ्या. काम झाल्यावर मागायला गेलं की वाद होतो. सर्व्हे होईपर्यंत जुनी काच काढू देऊ नका.

दुसरी बाजू नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सुटीची. पाच वर्षं क्लेम न घेता तुम्ही ५० टक्क्यांवर पोचला असाल, तर एका क्लेमनं तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. तुमच्या पॉलिसीवर ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, मूळ प्रीमियम बघा. समजा ६० हजार आहे. आज तुम्ही ३० हजार भरता. क्लेमनंतर पहिल्या वर्षी ६० भराल, म्हणजे ३० हजार जास्त. पुढं १८ हजार, १५ हजार, ९ हजार आणि ३ हजार. पाच वर्षांत ७५ हजार, वर जीएसटी. गाडी जुनी होत जाते तसा मूळ प्रीमियम उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी.

म्हणजे १,३२,३४३ साठी क्लेम घेणं शहाणपणाचं. पण हेच बिल ६०-७० हजारांचं असतं, तर मी खिशातून द्या म्हणालो असतो. आणि नो क्लेम बोनस वाचवणारं कव्हर घेतलेलं असेल, तर हा हिशोब करायचीच गरज नाही, क्लेम घ्या. काही पॉलिसींत काचेच्या रिपेअरचा क्लेम बोनसला धक्का लावत नाही. पॉलिसीची पानं उघडून बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

काच बसताना तिथं उभं राहा

गाडी सोडून चहाला जाऊ नका. काच बसायला दोनेक तास लागतात, त्यातले चार क्षण बघण्यासारखे असतात.

पहिला, जुनी काच कापताना. चिकट्याच्या आत बारीक तार घालून ती फिरवत काच सोडवतात. तार किंवा पातं पत्र्याला घासलं की रंग निघतो, आणि त्या जागी प्रायमर लावला नाही तर पावसाळ्यात आतून गंज धरतो. वर्षभरानं पायाखालचं कार्पेट ओलं लागतं, तेव्हा कुणाला आठवत नाही की हे कशामुळं झालं. पत्र्यावर ओरखडा दिसला तर बोट दाखवून विचारा, "इथं प्रायमर लावला का?"

दुसरा, जुना चिकटा. तो पूर्ण खरवडून काढत नाहीत. एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवून सपाट कापतात; नवा पीयू त्या जुन्या पीयूला सगळ्यात घट्ट धरतो. त्या थरावर कुणी बोट फिरवलं, घामाचा हात लागला, तर तिथला चिकटपणा जातो.

तिसरा, ट्यूब. तिच्यावरची एक्स्पायरी वाचा. आणि गाडी किती वेळानं चालवायची, हे त्याच ट्यूबच्या कागदावर लिहिलेलं असतं. काहींचा एक तास, काहींचे बरेच जास्त. पीयू हवेतला ओलावा पिऊन घट्ट होतो. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून 'इतकं ऊन आहे, लवकर वाळेल' हा समज उलटा पडतो. उन्हाळ्यात मी कागदावरच्या वेळेच्या वर थांबतो. अपघातात एअरबॅग फुगते तेव्हा चालकाशेजारच्या सीटवरची बॅग या काचेवर रेलते; काच निसटली तर बॅग बसलेल्या माणसाला वाचवू शकत नाही. घाईची किंमत तिथं मोजावी लागते.

चौथा, काच ठेवताना. दोघांनी सक्शन कपनं उचलून एकदाच, बरोबर जागी ठेवायची. ठेवल्यावर सरकवत बसले, तर चिकट्याची रेघ विस्कटते आणि कॅमेराही सरकतो.

नंतर एक दिवस टेप काढू नका, दार आपटू नका; एक काच बोटभर खाली ठेवा, म्हणजे आतल्या हवेचा दाब नव्या काचेवर येत नाही. दोन दिवस प्रेशरनं धुणं बंद.

कॅलिब्रेशन

दोन प्रकार आहेत. एक जागेवरचं: गाडीसमोर ठरावीक अंतरावर, ठरावीक उंचीवर नक्षीचा फलक उभा करायचा आणि लॅपटॉपवरून कॅमेऱ्याला तो ओळखायला लावायचा. दुसरं चालत्या गाडीचं: स्कॅनर जोडून, पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर, ठरावीक वेगानं गाडी चालवायची, कॅमेरा स्वतः जुळवून घेतो. काही गाड्यांना एकच लागतं, काहींना दोन्ही. कोणतं, हे मेकॅनिक ठरवत नाही, गाडीची कंपनी ठरवते.

जागेवरच्या कामाला फरशी सपाट लागते. आमच्याकडं गॅरेजची फरशी मुद्दाम उताराची करतात, धुतल्यावर पाणी गटाराकडं जावं म्हणून. मीही तशीच केली होती. फलक मांडायला लागलो तेव्हा कळलं, आणि एक अख्खा गाळा फोडून नव्यानं लेव्हल करावा लागला. तुम्ही ज्या ठिकाणी जाल तिथली जागा बघा: सपाट, पुढं भरपूर मोकळी, मागच्या दारातून उन्हाचा पट्टा फलकावर पडत नाही अशी. मध्यरेषा मागच्या चाकांवरून काढतात, म्हणून आधी व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावी. टायरची हवा कंपनीच्या आकड्याला, डिकी रिकामी. लातूरच्या एका गिऱ्हाईकाच्या डिकीत तुरीची दोन पोती होती. गाडीची शेपूट दबलेली आणि नाक वर. ती उतरवल्याशिवाय मी सुरुवातच केली नाही.

चालत्या कॅलिब्रेशनला शहरातल्या रस्त्यांचा उपयोग नाही. पट्टे पुसलेले, मध्येच रिक्षा, मध्येच म्हैस. आम्ही सावंगीहून समृद्धीवर चढतो आणि जालन्याकडं जातो. पट्टे स्वच्छ, वेग स्थिर ठेवता येतो. दोघं जण जातात, एक फक्त चालवतो आणि दुसरा स्क्रीन बघतो. समृद्धीवर मध्येच थांबायची परवानगी नाही, म्हणून सगळी जोडणी चढायच्या आधी करून घ्यायची. सकाळी दहा-साडेदहाची वेळ उत्तम. सूर्य थेट समोर असला किंवा पाऊस असला तर काम दुसऱ्या दिवशी.

काही गाड्यांचं मी स्वतः करतो. काहींचं सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरला जोडल्याशिवाय सुरूच होत नाही. ती गाडी मी कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतो. तुमच्या गाडीचं इथं होत नसेल, पुण्याला न्यावी लागणार असेल, तर काच बसवायच्या आधीच तिथली वेळ घेऊन ठेवा आणि जायचा खर्च हिशोबात धरा. जाताना लेनची मदत, अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत आपोआप वेग ठेवणारी सोय) बंद ठेवा आणि स्वतःच्या पायावर, स्वतःच्या हातावर गाडी चालवा.

ताब्यात घेताना

कॅलिब्रेशनच्या आधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट छापून मागा. त्यावर चासी नंबर, तारीख, आणि पुढच्या कॅमेऱ्याचं काम पूर्ण झाल्याची नोंद हवी. बिलावर नुसतं 'कॅलिब्रेशन केले' लिहिलेलं मी ग्राह्य धरत नाही. रिपोर्ट आरसीच्या कागदांबरोबर ठेवा. गाडी विकताना लागतो, आणि देव न करो, अपघातानंतर विम्यालाही लागतो.

काचेवर पाण्याचा फवारा मारा आणि वायपर ऑटोवर ठेवा. अंधारात हेड-अप डिस्प्ले बघा. मग मेकॅनिकला शेजारी बसवून मोकळ्या हायवेवर जा, लेनची मदत चालू करा, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून गाडी पट्ट्यांच्या बरोबर मध्ये राहते का ते पाहा. एका बाजूला झुकत असेल तर तिथूनच परत फिरा.

फास्टॅग जुन्या काचेबरोबर गेलेला असतो. सोलून काढला तर त्यातली तार तुटते. ज्या बँकेचा होता तिच्याकडूनच त्याच खात्यावर नवा मागवा. तो हातात नसताना टोलवर गेलात, तर टोल जास्तीचा भरावा लागतो, म्हणून काचेची तारीख ठरली त्याच दिवशी टॅगची मागणी करा. ऊन अडवणाऱ्या काचेवर धातूच्या थरामुळं टॅग वाचला जात नाही. आरशाजवळ बारीक ठिपक्यांची एक चौकट सोडलेली असते, ती त्यासाठीच. टॅग तिथं लावा, पण कॅमेऱ्याच्या समोरच्या खिडकीवर त्याची कडही येऊ देऊ नका. देवाचं स्टिकर, आरशाला टांगलेली माळ, सोसायटीचा पास, यांनाही हाच नियम. बाहेर उभं राहून कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघा. मध्ये काही आडवं येत असेल तर ते काढून डाव्या खालच्या कोपऱ्यात लावा.